दाढेतली चांदी आणि भलतीकडचं भांडण

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दाढ भरायच्या मसाल्याला दोनच नावं आहेत. काळपट-करडा दिसला की ‘चांदी’ आणि पांढरा दिसला की ‘सिमेंट’. मग ते पांढरं काचेच्या भुकटीचं असो, नाहीतर निळ्या दिव्याखाली घट्ट केलेलं प्लास्टिक असो. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हाला पाऱ्याला आवर घालणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी दातांतल्या पाऱ्याच्या मिश्रधातूचा, म्हणजे याच चांदीचा, वापर २०३४ पर्यंत थांबवायचं ठरवलं. तेव्हापासून या चांदीचं कौतुक संपून तिची धास्तीच सुरू झाली आहे. मोबाइलवर चित्रफिती फिरतात आणि दवाखान्याच्या बाकावर प्रश्न ऐकू येतो, “डॉक्टर, दाढम्हानी चांदी काढी टाकू का?” एक बाजू म्हणते, जगानं बंदी घातली म्हणजे ते विषच. दुसरी बाजू म्हणते, बंदी नदीनाल्यांसाठी आहे, माणसाशी तिचा संबंध नाही, दीडशे वर्षांत कोणाला काही झालेलं नाही. ठराव दोघांनीही अर्धाच वाचला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. नीट बसलेली, कड न तुटलेली जुनी चांदी भीतीपोटी काढू नये. लहान मुलांच्या आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या तोंडात नवी चांदी भरू नये. आणि पांढरं म्हणजे निर्धोक, हा समज तर आजच सोडावा. दाढेतून शरीरात काय उतरतं हे मसाल्याच्या नावावर जेवढं ठरतं, त्याहून जास्त तो मसाला कोणी, किती मिनिटांत आणि किती कोरड्या दाढेत भरला यावर ठरतं. या शेवटच्या गोष्टीबद्दल मात्र कोणी भांडत नाही.

चांदी हे नाव फसवं आहे. तिच्यात वजनानं जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्या भुकटीत चांदी, कथील, तांबं आणि कधी थोडं जस्त. पाऱ्यात कालवल्यावर हा लगदा काही मिनिटं मऊ राहतो आणि पुरती ताकद यायला चोवीस तास घेतो. घट्ट झाल्यावर पारा इतर धातूंशी बांधला जातो, पण शंभर टक्के नाही. चावताना, झोपेत दात खाताना किंवा गरम चहा पिताना पृष्ठभागावरून त्याचं किंचित बाष्प सुटतं. अनेक दाढा भरलेल्या माणसाच्या शरीरात त्यातून दिवसाला साधारण १ ते ५ मायक्रोग्रॅम पारा शोषला जातो, असा अंदाज आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ही मात्रा लहान आहे, पण शून्य नाही. ‘एकदा घट्ट झालं की काहीच निघत नाही’ असं सांगणारा दंतवैद्य चुकीचं सांगतो, आणि रुग्णाला ते पुढे कळलं की त्याच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

दुसऱ्या बाजूची चूक याहून मोठी आहे. पारा म्हणजे एकच एक वस्तू, असं ती धरून चालते. धातुरूप पारा गिळला तर आतड्यातून त्याचा दहा हजारावा भागही शोषला जात नाही. चांदीचा तुकडा तुटून पोटात गेला तर तो तसाच बाहेर पडतो. त्याच पाऱ्याची वाफ श्वासातून गेली तर सुमारे ८० टक्के रक्तात उतरते. आणि तोच पारा गाळातल्या जिवाणूंनी मिथाइल पारा करून माशात साठवला, तर तो खाणाऱ्याच्या अंगी जवळजवळ सगळा लागतो. १९५६ साली जपानच्या मिनामात्यात जी माणसं वाकडी झाली, ती या तिसऱ्या रूपानं. त्या मुलांची छायाचित्रं दाढेच्या चित्राशेजारी डकवणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. (याच चित्रफिती पुढे पाठवणाऱ्या किती घरांत पाऱ्याची रसौषधं कुठली भट्टी, कुठली शुद्धी हे न विचारता मधात कालवून घेतली जातात? अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली दक्षिण आशियातली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. ते निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले.)

तरीही चांदीच्या विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा टाळून चालणार नाही. ‘इतकी वर्षं वापरतोय’ हा काही पुरावा होत नाही. पाश्चात्त्य देशांत बाळाला दात येताना द्यायच्या पुडीत पिढ्यान् पिढ्या कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असायचा. काही मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलायचे, ती रडरड करायची, त्यांना उजेड सोसायचा नाही. त्याला ‘गुलाबी रोग’ म्हणत. कारण कळायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. त्या पुड्या बाजारातून गेल्या आणि रोगही गेला. यात बोचणारी बाब ही की पुडी घेतलेल्या शेकडो मुलांपैकी एखाद्यालाच हा त्रास व्हायचा. उरलेल्यांच्या आया ‘आमच्या मुलाला काही झालं नाही’ असंच शपथेवर सांगत असतील. मग सरासरी माणसाला काही होत नाही, एवढ्यावर त्या एका मुलाचं काय करायचं?

म्हणूनच या प्रश्नाला मतानं उत्तर देऊन भागत नाही, मोजावं लागतं. ते मोजलं गेलं आहे. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागात ५३४ आणि पोर्तुगालमध्ये लिस्बनला ५०७ मुलांच्या चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना चांदी भरली, निम्म्यांना पांढरा मसाला. त्यांचा पाच ते सात वर्षं पाठपुरावा केला आणि २००६ मध्ये निष्कर्ष आले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा जास्त निघाला, हे खरं. पण बुद्धिमापन, स्मरण, लक्ष आणि मूत्रपिंडाचं काम यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. गुलाबी रोगाच्या पुडीत मात्रा मिलिग्रॅममध्ये होती आणि इथे ती मायक्रोग्रॅममध्ये आहे, म्हणजे मधे हजारपटीचं अंतर आहे. पण हजार मुलांच्या चाचणीत हजारातला एक हळवा जीव निसटू शकतो, हेही कबूल करायला हवं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२० मध्ये नेमकं तेच केलं. गरोदर आणि स्तनदा माता, सहा वर्षांखालची मुलं, मज्जासंस्थेचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले, यांना शक्य तिथे चांदी भरू नका, असं सांगितलं. पण ज्यांच्या तोंडात चांगली चांदी आहे त्यांनी ती काढू नये, हेही त्याच सल्ल्यात होतं. चित्रफितींत हा दुसरा भाग नेमका गाळलेला असतो.

काढू नये, का? वर्षानुवर्षं शांत बसलेला मसाला दात कोरायच्या फिरत्या टोकाखाली घासला की तापतो आणि एरवी हळूहळू झिरपणारी वाफ काही मिनिटांत एकदम सुटते. काढल्यानंतर काही दिवस रक्तातला पारा वाढलेला असतो, मग उतरतो. चांदी तुटली किंवा कडेनं कीड शिरली म्हणून काढावीच लागली, तर रीत ठरलेली आहे. दाताभोवती रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, पाण्याचा अखंड फवारा, जोरात ओढणारा सक्शन पाइप दाढेला टेकवलेला. आणि चांदीचा चुरा करत बसण्याऐवजी तिला चिरा पाडून दोन-तीन ढेकळांत उचलायची. खिडकी उघडी हवी, आणि मास्क साधा असेल तर तो वाफ अडवत नाही हे दंतवैद्यानं स्वतःसाठी लक्षात ठेवावं. शिवाय दर वेळी जुना मसाला काढताना दाढेची थोडी चांगली भिंतही जाते. आठ दाढांची चांदी एका बैठकीत ‘डिटॉक्स’ म्हणून काढणारा माणूस रुग्णाच्या पाऱ्याची काळजी करत नसतो.

हे भांडण नवं नाही. १८३३ मध्ये क्रॉकोर बंधूंनी न्यूयॉर्कला हा मसाला आणला आणि त्याला ‘शाही खनिज’ असं भपकेबाज नाव दिलं. कीड न काढताच तो दाढेत कोंबला जायचा, म्हणून तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं सभासदांकडून चांदी न भरण्याची शपथ लिहून घेतली. १८५६ मध्ये ती संघटनाच मोडली. पाऱ्याचा निवाडा लागला म्हणून नव्हे. सोन्याचा वर्ख दाढेत ठोकून घेणं परवडेल अशी माणसं थोडी होती, आणि बाकीच्यांना चांदी नाही तर दाढ उपटणं एवढेच दोन रस्ते होते. पर्याय न देता घातलेली बंदी दाढा वाचवत नाही, त्या उपटवते. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यावरून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला पांढऱ्या मसाल्याचे पैसे परवडत नसतील, तर ‘चांदी बंद’ या फलकाचा अर्थ त्याच्यापुरता ‘दाढ काढा’ असाच होतो.

आता पांढऱ्याकडे वळू, कारण खरी गफलत इथे आहे. जळगाव हा केळीच्या बागाईतदारांचा जिल्हा. ‘केमिकलनं पिकवलेली केळी’ या आरड्याचं काय होतं ते रावेर-यावलला वेगळं सांगायला नको. कॅल्शियम कार्बाइड हेही रसायन आणि इथिलीन हेही रसायन. पहिल्यावर बंदी, कारण त्याच्यासोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात. दुसरं केळं स्वतःच तयार करतं आणि पिकवणी खोलीत ठरावीक प्रमाणात त्याला परवानगी आहे. ‘रसायन आहे का?’ असं विचारणाऱ्याला काही कळत नाही. ‘कुठलं, किती, किती वेळ?’ असं विचारणाऱ्याला कळतं.

पांढऱ्या काँपोझिटचा, म्हणजे निळ्या दिव्याखाली घट्ट होणाऱ्या मसाल्याचा, पाया म्हणजे बिस-जीएमए ही राळ. ती बिस्फिनॉल-ए पासून बनते, आणि हेच ते बीपीए, ज्याच्यामुळे बाळाच्या दुधाच्या बाटल्या बदलल्या. १९९६ मध्ये स्पेनच्या ग्रानाडातल्या संशोधकांना दाढांवर खाचा बुजवणारं सीलंट लावल्यानंतरच्या पहिल्या तासाच्या लाळेत बीपीए सापडलं आणि गदारोळ उठला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये बीपीएची रोजची सहन होणारी मात्रा आधीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली. न्यू इंग्लंडच्या त्याच मुलांच्या माहितीतून २०१२ मध्ये असंही पुढे आलं की बिस-जीएमएचे मसाले जास्त काळ तोंडात असलेल्या मुलांचे वर्तनविषयक गुण किंचित कमी होते. म्हणजे पाऱ्याला घाबरून पांढऱ्याकडे धावलेल्यांनी आगीतून फुफाट्यात उडी घेतली, असं म्हणायचं का?

तसं म्हणता येत नाही. बीपीए या राळेत घटक म्हणून नसतं. बनवताना उरलेल्या अशुद्धीचा अंश म्हणून असतं. बिस-डीएमए नावाच्या वेगळ्या राळेचं लाळेतल्या विकरांनी बीपीएत रूपांतर होतं, बिस-जीएमएचं तसं होत नाही. म्हणून ‘यात बिस-डीएमए आहे का?’ हा प्रश्न दंतवैद्यानं विक्रेत्याला विचारण्याजोगा आहे. लाळेतलं बीपीए भरल्यानंतरच्या पहिल्या तासांत सर्वांत जास्त असतं, मग झपाट्यानं उतरतं. २०१२ चा निष्कर्ष दुर्लक्षू नये, पण तो संबंध सापडला एवढंच सांगतो. कारण काय ते सांगत नाही.

त्याहून मोठी गळती वेगळीच आहे, ती न घट्ट झालेल्या राळेची. उत्तम भरलेल्या काँपोझिटमध्येही साखळीत गुंफल्या जाणाऱ्या बंधांपैकी साधारण ५५ ते ७५ टक्केच गुंफले जातात. न जोडले गेलेले सुटे रेणू (टीईजीडीएमए, हेमा अशा नावांचे) पहिल्या दिवसभरात बाहेर पडतात. वाईट भरलेल्यात ते किती पटींनी वाढतील, हे पूर्णपणे हातावर आहे. एका वेळी २ मिलिमीटरपेक्षा जाड थर टाकला की निळा उजेड तळाशी पोचत नाही. वरून टणक, खालून मऊ, आणि तो मऊ भाग थेट नसेच्या दिशेला. दिव्याचं टोक दाढेपासून सहा-आठ मिलिमीटर दूर धरलं किंवा वाकडं धरलं की तेज घटतं. टोकावर आधीचा मसाला सुकून बसला असेल तर आणखी घटतं. दर थराला २० सेकंद द्यायचे; रुग्णाचं तोंड दुखतं म्हणून दहावर आटोपणारे कमी नाहीत. भारनियमनात अर्धवट चार्ज झालेला दिवा ‘टीं’ वाजवतो आणि निळा दिसतोही. पण तीव्रता चौरस सेंटिमीटरला ४०० मिलिवॉटच्या खाली गेली की तो केवळ शोभेचा उरतो. हे डोळ्यांना कळत नाही, त्याला उजेडाची तीव्रता मोजणारा रेडिओमीटर लागतो. महागडी खुर्ची घेतलेल्या किती दवाखान्यांत ते छोटं यंत्र आहे?

शेवटच्या थराचंही असंच. हवेतला ऑक्सिजन वरच्या पापुद्र्याला घट्ट होऊ देत नाही. बोट फिरवलं तर चिकट लागतो. तो पुसायचाच: ओल्या कापसानं किंवा प्युमिसच्या भुकटीनं घासून, आणि रुग्णाला अर्धा मिनिट चूळ भरायला लावून. ग्लिसरीनचा थर देऊन पुन्हा वीस सेकंद दिवा मारला तर अधिक चांगलं. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि पांढऱ्या मसाल्याच्या रासायनिक भीतीवरचा सर्वांत स्वस्त उतारा. आणखी एक खोड आपल्याकडची. दाढ दुखली की रात्रभर लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवायचा. त्यातलं युजेनॉल राळेला घट्ट होण्यापासून रोखतं. तात्पुरता भरलेला झिंक ऑक्साइडचा लवंगी मसाला नीट खरवडून न काढता त्यावर काँपोझिट चढवलं की तेच. रुग्णानं बोळा ठेवल्याचं सांगावं आणि डॉक्टरनं विचारावं.

मग खानदेशचा उन्हाळा. वैशाखात भुसावळ-जळगावला तापमान ४५ अंशांना टेकतं. काँपोझिटच्या सिरिंजवर साधारण २५ अंशांपर्यंतची साठवण छापलेली असते. दुपारभर बंद पंख्याच्या खोलीत पडलेली सिरिंज मुदतीआधीच बिघडू लागते. फ्रिजमधून काढून थंडगार भरली तर तीही नीट घट्ट होत नाही, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. काचेच्या भुकटीचं ग्लास आयनोमर (विल्सन आणि केंट यांनी लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत घडवलेलं) तर उन्हाळ्यात कालवता कालवता आवळतं. वेळ मिळावा म्हणून मदतनीस द्रव जास्त घालतो. मसाला पातळ, आंबट आणि ठिसूळ होतो, सहा महिन्यांत विरघळतो आणि ‘सिमेंट टिकत नाही’ असं नाव त्याला लागतं. काचेची पाटी थंड करून, पण पुसून, मोजलेल्या चमच्यानं कालवलं तर हाच मसाला पाड्यावरच्या शाळेत वीज आणि ड्रिल नसतानाही चालतो: हातानं कीड खरवडायची आणि हा भरायचा. त्यात पारा नाही, राळ नाही, वर फ्लोराइड सुटतं. मोठ्या, जोर येणाऱ्या दाढेत तो चांदीइतका टिकत नाही हे मान्य. काँपोझिटही टिकत नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात दाढांमधल्या काँपोझिटखाली पुन्हा कीड लागण्याचा धोका चांदीच्या दुपटीच्या आसपास निघाला.

खुल्या पाऱ्याची गोष्टही उन्हाशी बांधलेली आहे. बाटलीतला पारा आणि भुकटी खलबत्त्यात घोटून, जास्तीचा पारा फडक्यातून तळहातावर पिळणं ही जुनी पद्धत. फरशीच्या फटीत गेलेले मणी कोणी उचलत नाही. हवा २० वरून ४० अंशांवर गेली की पाऱ्याचा बाष्पदाब जवळपास पाचपट होतो. त्या खोलीत रुग्ण अर्धा तास बसतो, मदतनीस मुलगी सहा दिवस, दहा-दहा तास. या वादात तिचं नाव कोणीच का घेत नाही? पारा आणि भुकटी मापात भरलेली बंद कॅप्सूल वापरली तर हा धोका बराचसा संपतो, आणि सुटा पारा वापरू नये हे मिनामाता करारातही आता लिहिलेलं आहे.

‘बंदी केवळ पर्यावरणासाठी’ म्हणणाऱ्यांनी दवाखान्याच्या बेसिनचा पाइप कुठे जातो ते पाहावं. धुळ्याचं सांडपाणी पांझरेकडे जातं, पांझरा तापीला मिळते. नदीच्या गाळात हाच निरुपद्रवी धातू त्या तिसऱ्या, मिथाइल पाऱ्याच्या रूपात जाऊ शकतो, आणि मासा पर्यावरण खात नाही, माणूस खातो. युरोपात २०१९ पासून दवाखान्याच्या निचऱ्यावर चांदी अडवणारी गाळणी बसवणं सक्तीचं झालं. आपल्याकडे ती बसवणारा विरळा.

आणि दाढेतून सुटणाऱ्या रसायनांची यादीच करायची, तर आठवडे बाजारात पेटी मांडून बसलेल्या ‘दातवाल्या’चं नाव त्यात पहिलं हवं. तो पूड आणि द्रव कालवून कोल्ड क्युअर ॲक्रिलिक (न शिजवता घट्ट होणारं प्लास्टिक) थेट हिरडीवर थापतो, शेजारच्या दातांना तारेनं बांधतो. ते तोंडातच तापतं, आणि त्यात न जुळलेलं मूळ रसायन, मिथाइल मेथॅक्रिलेट, उष्णतेनं शिजवलेल्या कवळीपेक्षा कितीतरी जास्त उरतं. हिरडी भाजते, सुजते, खाली कीड वाढत राहते. कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा धंदा करता येत नाही. तरी वाद पेटतो तो नोंदणीकृत डॉक्टरनं भरलेल्या चांदीवर.

मागायचंच असेल तर साध्या गोष्टी मागाव्यात. केसपेपरवर दाढेचा क्रमांक, मसाल्याचं पूर्ण नाव आणि बॅच लिहिलेली हवी. ‘सिमेंट भरलं’ एवढी नोंद पुरेशी नाही. जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत ग्लास आयनोमर पावसाळ्याआधी पोचावं आणि दिव्यासोबत रेडिओमीटरही खरेदीच्या यादीत असावं. चांदी भरलेला उपटलेला दात दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला की तो भट्टीत जातो आणि पारा धुराड्यातून बाहेर येतो. त्यासाठी वेगळा, घट्ट झाकणाचा डबा हवा. त्यावर ‘पारा’ असं मराठीत लिहिलेलं हवं, म्हणजे सफाई करणारी बाई तो इतर कचऱ्यात ओतणार नाही.